पहिला पेपर कुठे पाठवायचा? कोल्हापुरातल्या नव्या संशोधकांसाठी

पीएचडीची नोंदणी झाली, कोर्सवर्क संपत आलं, की विद्यार्थी ग्रंथालयात येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "सर, पेपर पटकन कुठे छापून येईल?" शिवाजी विद्यापीठाच्या आवारात घ्या किंवा गडहिंग्लज, जयसिंगपूर, वारणानगरच्या महाविद्यालयांत घ्या, प्रश्न हाच असतो. यात विचारणाऱ्याचा दोष नाही. घरातली पहिलीच पदवीधर मुलगी संशोधनाला येते, तेव्हा जर्नल कोण चालवतं, त्यात पैसे कोण कोणाला देतं आणि पेपर स्वीकारला जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला कोणी शेजारी बसवून सांगितलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. पेपर कुठे छापून येईल हे शोधण्याआधी तो कोणी वाचायला हवा हे ठरवा. ते एकदा ठरलं की जर्नल निवडणं, फी द्यायची की नाही, मराठीत लिहायचं की इंग्रजीत, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. ते न ठरवता निघालात तर फसवणाऱ्यांच्या हाती लागण्याची शक्यता फार मोठी आहे.

पहिली पायरी: घाई खरोखर आहे का, ते बघा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये छापणं आणि दोन परिषदांत निबंध वाचणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ही सक्ती काढून टाकली. पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं आणि तुमच्या नोंदणीच्या तारखेवरही बरंच अवलंबून असतं. त्यामुळे मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन तुम्हाला लागू असलेल्या परिपत्रकाची प्रत घ्या आणि फाइलला लावा. नोकरी आणि बढतीसाठी पेपर मोजले जातात, हे खरंच आहे. पण बढतीला अजून चार वर्षं असताना येत्या महिन्यात पेपर हवाच, असा धोशा लावण्याचं कारण नाही.

याच पायरीवर एक जुना गैरसमज दूर करायला हवा. अजूनही अनेक जण विचारतात, "जर्नल यूजीसीच्या यादीत आहे का?" यूजीसीने २०१७ साली मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. त्यातल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी १००९ जर्नलं पुण्यातल्या संशोधकांच्या गटाने तपासली. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की यातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं निकृष्ट असावीत. सुमारे एक तृतीयांश जर्नलांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा सापडत नव्हती. निम्म्याहून अधिक जर्नलांनी आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना मिळालेल्या उद्धरणांवरून काढलेला आकडा) किंवा संपादकांबद्दल खोटे किंवा फसवे दावे केले होते. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ जर्नलं यादीतून काढली. २०१९ मध्ये पारखून घेतलेल्या जर्नलांची नवी यादी आली, तिचं नाव केअर. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता काही निकष सुचवलेले आहेत आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. म्हणून 'यूजीसी केअर लिस्टेड' असं आजही ठळक अक्षरांत मिरवणाऱ्या जर्नलकडे सावधपणे पाहा. यादी गेल्याने अनेकांना आधार तुटल्यासारखं वाटलं. मला मात्र ही शिकण्याची चांगली संधी वाटते, कारण याद्या होत्या तोवर कोणी जर्नल उघडून वाचतच नव्हतं.

दुसरी पायरी: वाचक ठरवा

एका कागदावर लिहून काढा, तुमच्या कामाचा उपयोग कोणाला होईल? समजा, तुम्ही २०१९ आणि २०२१च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातल्या गावांचं स्थलांतर कसं झालं याचा अभ्यास केला आहे. तुमचा एक वाचक जलविज्ञानाचा किंवा आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यासक आहे. तो इंग्रजी जर्नल वाचतो. दुसरा वाचक जिल्हा प्रशासनात बसतो आणि तो जर्नल उघडणारच नाही. तिसरा वाचक त्या गावातच राहतो. तिघांपर्यंत एकच पेपर पोचत नाही, हे आधीच ओळखलं तर पुढची निराशा टळते.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घ्या. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. चपलेच्या कारागिरांवरचा पेपर फक्त मराठीत लिहिला तर धारवाड, बागलकोटकडचा अभ्यासक तो वाचू शकणार नाही. फक्त इंग्रजीत लिहिला तर ज्यांच्यावर लिहिला ते वाचणार नाहीत. याउलट शाहूकाळातल्या मोडी कागदपत्रांवर काम असेल, तर तुमचा सर्वांत जाणता वाचक मराठीतच आहे, आणि तो पेपर मराठीत लिहिण्यात काडीचाही कमीपणा नाही.

तिसरी पायरी: आधी भरपूर वाचा, आणि वाचण्यासाठी खिशातून पैसे घालू नका

ज्या जर्नलमध्ये लिहायचं आहे ते न वाचताच त्यात पेपर पाठवणारे खूप आहेत. कारण विचारलं तर सांगतात, "सर, लेख उघडतच नाही, पैसे मागतात." आजवर हे खरंच होतं. पण २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नलं आणि ६३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे तुमचं महाविद्यालय त्यात आहे का हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जा आणि संशोधक विद्यार्थी म्हणून कोणतं लॉगिन मिळतं ते समजून घ्या. अर्धा दिवस तिथे बसून सगळं शिकून घेतलंत तर पुढची कित्येक वर्षं ते कामी येईल.

इतर कायदेशीर वाटाही आहेत. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर मोफत आहेत आणि तुमच्या विषयावर आधी काय झालं आहे हे बघायला त्यासारखी जागा नाही. गूगल स्कॉलरवर लेखाच्या नावाखाली 'ऑल व्हर्जन्स' असं बारीक अक्षरांत असतं. तिथे दाबलं तर अनेकदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत सापडते. अनपेवॉल नावाचं छोटं साधन ब्राउझरला जोडलं की मोफत प्रत असल्यास ते आपोआप दाखवतं. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला चार ओळींचा ईमेल करा. मी कोण, कोणत्या विषयावर काम करतो, तुमचा अमुक लेख हवा आहे, एवढं पुरे. परदेशातल्या मोठ्या प्राध्यापकाला कसं लिहायचं म्हणून आपली मुलं संकोचतात. संकोचू नका. आपलं काम कोणाला तरी वाचायचं आहे याचा आनंद सगळ्यांनाच होतो.

प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाबद्दल विचाराल, म्हणून सांगतो. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचे आदेश दिले. ज्ञान इतकं महाग का असावं, हा प्रश्न त्या आदेशाने मिटत नाही. पण तुमचं काम अडू नये यासाठी वरच्या वाटा पुरेशा आहेत.

चौथी पायरी: जर्नल पारखा

इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर साधारण असा मेसेज फिरत असतो: "कॉल फॉर पेपर्स. इंटरनॅशनल, पीअर रिव्ह्यूड, मल्टिडिसिप्लिनरी मंथली जर्नल. हाय इम्पॅक्ट फॅक्टर. आयएसएसएन, डीओआय. ४८ तासांत प्रकाशन. सर्व लेखकांना ई-सर्टिफिकेट. फी फक्त १५०० रुपये." यातला एकेक शब्द सुटा करून पाहू.

मल्टिडिसिप्लिनरी. या जर्नलचा जुना अंक उघडा. त्यात संतसाहित्य, मातीपरीक्षण, बँकांची थकीत कर्जं आणि नर्सिंग असं सगळं एकत्र असेल, तर या चारही विषयांचे लेख तपासायला माणसं कोण आहेत ते शोधा. संपादक मंडळातल्या दोन-तीन नावांचा त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोध घ्या. ती माणसं तिथे आहेत का, त्यांनी आपल्या माहितीत या जर्नलचा उल्लेख केला आहे का? शंका आली तर त्यांना थेट ईमेल करा. आपलं नाव तिथे आहे हेच त्यांना माहीत नसतं, असंही घडतं.

इम्पॅक्ट फॅक्टर. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मधून दरवर्षी काढते. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा किती उद्धरणं मिळाली (म्हणजे इतर लेखांनी त्यांचे किती संदर्भ दिले), भागिले त्या लेखांची संख्या, असा तो सरळ हिशोब आहे. पुढे 'ग्लोबल', 'सायंटिफिक', 'युनिव्हर्सल' असे शब्द लावून आकडे वाटणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. त्या आकड्यांना गंभीर संशोधनात किंमत नाही. आणि खरा इम्पॅक्ट फॅक्टरसुद्धा जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नव्हे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतल्या कित्येक उत्तम नियतकालिकांना तो नसतोच.

आयएसएसएन. आठ अंकी ओळखक्रमांक. भारतात तो दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतून मिळतो. नियतकालिक अस्तित्वात आहे एवढंच तो सांगतो. दर्जाशी त्याचा संबंध नाही. तरी तो आयएसएसएन पोर्टलवर टाकून बघाच. तिथे दिसणारं नाव आणि प्रकाशक मेसेजमधल्या नावाशी जुळतात का, ते महत्त्वाचं.

डीओआय. हा एकेका लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, १० या आकड्याने सुरू होतो. जर्नलमधल्या जुन्या लेखाचा डीओआय उचला आणि डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका. तो त्याच लेखापाशी घेऊन गेला पाहिजे. काही ठिकाणी नुसता डीओआयसारखा दिसणारा क्रमांक छापलेला असतो, जो कुठेच उघडत नाही.

४८ तास. संपादक लेख वाचणार, योग्य समीक्षक शोधणार, ते आपलं काम सांभाळून वाचणार, मत लिहिणार. याला आठवडे लागतात, बहुतेकदा महिने. दोन दिवसांत होते ती फक्त टायपिंगची जुळवाजुळव. सर्टिफिकेटचंही तसंच. छापलेला निबंध हाच पुरावा असताना वेगळ्या रंगीत कागदाची गरज कोणाला पडते, याचा विचार करा.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या मोठ्या सूची आहेत. 'स्कोपस इंडेक्स्ड' असं लिहिलेलं असेल तर स्कोपसची जर्नलांची यादी कोणालाही मोफत बघता येते. वेब ऑफ सायन्सची 'मास्टर जर्नल लिस्ट'ही बघता येते आणि मुक्त, म्हणजे वाचायला मोफत असलेल्या, जर्नलांसाठी डीओएजे ही सूची आहे. जर्नलच्या स्वतःच्या पानावर लावलेल्या बोधचिन्हावर विश्वास ठेवू नका, थेट त्या याद्यांत जाऊन नाव शोधा. स्कोपसमधून काढून टाकलेली जर्नलं आपल्या पानावर ते चिन्ह तसंच ठेवतात, म्हणून नोंद कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही पाहा.

आता सर्वांत फसवा प्रकार, नकली जोडजर्नल. जुनं, नावाजलेलं छापील नियतकालिक असतं, त्याचं संकेतस्थळ नसतं किंवा साधंसं असतं. कोणीतरी त्याच नावाने आणि त्याच आयएसएसएनने चकाचक संकेतस्थळ काढतो आणि लेख व पैसे गोळा करू लागतो. मूळ संपादकांना पत्ताच नसतो. यावर आपल्याकडे एक साधा उपाय आहे. ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात जाऊन त्या नियतकालिकाचा छापील अंक हातात घ्या. संपादकांची नावं, पत्ता, दूरध्वनी आतल्या पानावर असतात. त्या क्रमांकावर फोन करून विचारा, "तुमचं संकेतस्थळ हेच का? तुम्ही फी घेता का?" दोन मिनिटांत उलगडा होतो. याखेरीज मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाने अशा पळवलेल्या जर्नलांची यादी ठेवली आहे, तीही बघा.

हे सगळं छोट्या शहरांतल्या भुरट्यांपुरतंच आहे, असं समजू नका. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने लेखकांची फसवणूक केल्याबद्दल ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आणि वायलीसारख्या जुन्या कंपनीच्या मालकीच्या हिंदावीच्या जर्नलांतून २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले, कारण विशेषांकांमधून बनावट पेपर मोठ्या प्रमाणावर घुसले होते. म्हणून शेवटची आणि खरी कसोटी एकच. तुमच्या विषयातले त्या जर्नलमधले तीन लेख सावकाश वाचा. स्वतःच्या प्रबंधात त्यांचा संदर्भ द्यावासा वाटला तर तिथे पाठवा.

एखाद्याने आधीच पैसे भरून टाकले असतील तर? लेख अजून छापून आला नसेल तर 'मी हा लेख मागे घेत आहे' असा स्पष्ट ईमेल तारखेसह करा, हक्क हस्तांतराच्या कागदावर सही करू नका, आणि लेख मागे घेण्यासाठी पुन्हा पैसे मागितले तर देऊ नका. छापून झाला असेल तर तोच लेख दुसरीकडे पाठवता येत नाही. गाईडशी मोकळेपणाने बोला आणि त्याच माहितीवर नवं विश्लेषण करून नवा पेपर लिहा, त्यात जुन्याचा उल्लेख करा. लाजून गप्प बसणाऱ्यांमुळेच या लोकांचं फावतं.

पाचवी पायरी: पैशाचा हिशोब समजून घ्या

फी मागितली म्हणजे जर्नल खोटंच, असं नाही. जुन्या पद्धतीत वाचक किंवा ग्रंथालय वर्गणी भरतं आणि लेखकाला काही द्यावं लागत नाही. मुक्त प्रकाशनात वाचकाला सगळं मोफत, पण अनेकदा लेखकाकडून शुल्क घेतलं जातं. 'नेचर'ने २०२१ पासून मुक्त लेखासाठी ९५०० युरोचा दर लावला. आपल्याकडच्या शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम ऐकूनच घेरी यावी. ज्या संशोधनाला सरकारने पैसा दिला, ज्याची तपासणी समीक्षकांनी फुकट केली, ते छापायला पुन्हा एवढा पैसा का, यावर जगभर वाद चालू आहे आणि तो रास्त आहे.

तिसराही प्रकार आहे आणि नव्या संशोधकाने तो आधी शोधावा. वाचकालाही मोफत आणि लेखकालाही मोफत, याला डायमंड म्हणतात. संस्था, विद्यापीठं, अभ्यासक मंडळं अशी जर्नलं चालवतात. डीओएजेमध्ये 'शुल्क नाही' अशी चाळणी लावली की ती दिसतात. वर्गणीच्या जर्नलमध्ये 'मुक्त करायचं का' असा पर्याय पुढे येतो, तिथे 'नाही' निवडलं की शुल्क लागत नाही. शुल्क असलेलंच जर्नल हवं असेल तर सवलतीबद्दल पेपर पाठवण्याआधी लेखी विचारा, स्वीकारल्यानंतर विचारून उपयोग होत नाही.

धोक्याची खूण ही: दर संकेतस्थळावर स्पष्ट नाही, तपासणीआधीच पैसे मागतात, किंवा रक्कम एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवायला सांगतात.

सहावी पायरी: मराठीत लिहिताय ना, मग फॉन्टकडे बघा

याकडे कोणीच लक्ष देत नाही आणि मराठी संशोधनाचं यासारखं नुकसान दुसऱ्या कशाने झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि मोबाइलवर स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा. मराठी अक्षरं उमटली तर उत्तम. इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर तो लेख जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं ते दुसरंच. असा लेख इंटरनेटवर असूनही गूगलला सापडत नाही. तुमच्या गावाचं नाव त्यात पन्नास वेळा असलं तरी शोधणाऱ्याला ते दिसणार नाही. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअरही तो नीट वाचू शकत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत, टाइप करा. राजारामपुरीत किंवा विद्यापीठाजवळ डीटीपीला देणार असाल तर आधीच सांगून ठेवा, "युनिकोडमध्येच पाहिजे, नंतर बदलून नको." बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांत रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ्य-ऱ्ह हमखास बिघडतो, आणि तीनशे पानांच्या प्रबंधात ते शोधत बसणं जिवावर येतं. काही छापखाने अजून जुन्या पेजमेकरवर काम करतात आणि त्याला युनिकोड कळत नाही. तिथे छापील अंकासाठी त्यांना हवं तसं द्या, पण युनिकोडमधली स्वतःची प्रत जपून ठेवा.

मराठी नियतकालिकं निवडताना त्या विषयाची परंपरा बघा. भाषेवर काम असेल तर मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' आहे, साहित्यासाठी महाराष्ट्र साहित्य परिषदेची पत्रिका आहे, वैचारिक लेखनासाठी वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' आहे. सोबत शीर्षक आणि गोषवारा इंग्रजीतही द्या. स्कोपससारख्या सूचींना इंग्रजी गोषवारा आणि रोमन लिपीतली संदर्भसूची लागते. ती नसल्यामुळेच कित्येक चांगली मराठी नियतकालिकं तिथे पोचत नाहीत.

सातवी पायरी: पाठवण्याआधी

एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. जर्नलच्या सूचना वाचून संदर्भांची पद्धत, शब्दमर्यादा तंतोतंत पाळा. सोबत छोटं पत्र जोडा: प्रश्न काय, सापडलं काय, त्या जर्नलच्या वाचकांना ते का महत्त्वाचं.

लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच ठरवा. ज्याने विचार, माहिती किंवा विश्लेषणात खरा वाटा उचलला, मसुद्यावर काम केलं आणि जो त्यातल्या मजकुराची जबाबदारी घेतो, तो लेखक. मदत करणाऱ्यांचे आभार शेवटी मानावेत. "सर, तुमचं नाव कुठल्या क्रमांकावर घालू?" हे पहिल्याच महिन्यात विचारलं तर ते साधं बोलणं असतं, पेपर स्वीकारल्यावर विचारलं तर तेच अवघड होऊन बसतं.

प्रबंधाच्या साम्यतपासणीचे टप्पे यूजीसीच्या २०१८च्या नियमांत आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. मात्र आकडा कमी यावा म्हणून शब्द उलटेपालटे करणं हीसुद्धा चोरीच आहे. दुसऱ्याचं म्हणणं समजून घ्या, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा आणि श्रेय द्या.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरलीत तर जर्नलचा नियम बघून तसं नमूद करा. प्रकाशननीती समिती म्हणजे कोपने २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे, की असं साधन लेखक होऊ शकत नाही. ही साधनं अस्तित्वात नसलेले संदर्भही छातीठोकपणे देतात. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घेऊ नका.

आठवी पायरी: समीक्षकांना उत्तर

संपादक काही पेपर समीक्षकांकडे न पाठवताच परत करतात. बहुतेकदा विषय त्या जर्नलचा नसतो, एवढंच. त्यात फार दिवस वाया जात नाहीत, पुढच्या जर्नलकडे वळा. समीक्षा होऊन 'मोठे बदल करा' असं आलं तर ती चांगली बातमी आहे, हे पहिल्यांदा कोणाला पटत नाही. पत्र वाचा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा.

उत्तर मुद्देसूद असावं. समजा तुम्ही गुऱ्हाळघरांतल्या मजुरीवर लिहिलं आहे आणि समीक्षक म्हणतात, "नमुना एकाच तालुक्यातला का?" त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहा आणि खाली उत्तर द्या: "आपला मुद्दा योग्य आहे. अभ्यास करवीर तालुक्यापुरता मर्यादित होता, म्हणून शीर्षकात तालुक्याचा उल्लेख केला आहे आणि पान ११ वर या मर्यादेचा परिच्छेद जोडला आहे. निष्कर्षातलं 'जिल्ह्यात' हे विधान काढलं आहे." जे पटत नाही ते न करण्याचा तुम्हाला हक्क आहे, पण कारण आणि आधार द्या. तीन-चार महिने काहीच कळलं नाही तर संपादकांना एक नम्र ईमेल करायला हरकत नाही.

नववी पायरी: स्वीकारल्यावर आणि छापून आल्यावर

सही करण्याआधी करार वाचा. हक्क प्रकाशकाकडे जात असतील तर लेख प्रबंधात वापरण्याची आणि स्वीकृत मसुदा स्वतः कुठेतरी ठेवण्याची मुभा आहे ना, ते बघा. बऱ्याच प्रकाशकांकडे ती असते, कधी काही महिन्यांच्या अंतराने. तो मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात किंवा विषयाच्या संग्रहात ठेवा. ऑर्किड हा संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक काढा, तो १६ अंकी आणि मोफत असतो. आपल्याकडे एका आडनावाची आणि एकाच आद्याक्षराची माणसं ढिगाने आहेत. पाटील, शिंदे, कांबळे, जाधव यांचं काम एकमेकांच्या नावावर जाऊ नये यासाठी तो फार उपयोगी आहे. लग्नानंतर नाव बदललं तरी काम तुमच्याच खात्यावर राहतं.

आणि दुसऱ्या पायरीवरचा तो कागद पुन्हा काढा. ज्या वाचकांपर्यंत जर्नल पोचत नाही त्यांच्यासाठी मराठीत दोन पानं लिहा. आकडे तेच, भाषा सोपी, युनिकोडमध्ये, शेवटी मूळ पेपरचा डीओआय. पुराचा अभ्यास असेल तर ती दोन पानं ग्रामपंचायतीला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या, गुळाचा असेल तर शाहू मार्केट यार्डातल्या आणि गुऱ्हाळावरच्या ज्या लोकांनी तुम्हाला माहिती दिली त्यांना नेऊन द्या. एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरातही द्या. १८५० पासूनच्या त्या वाचनालयात रोज वाचायला येणाऱ्यांत तुमच्या विषयाचा जाणकार निघू शकतो. गुऱ्हाळवाले वाचतील आणि लगेच सांगतील, "हा दर हंगामाच्या सुरुवातीचा हाय, नंतर बदलतोय." तारीख आणि सांगणाऱ्याच्या परवानगीसह ते वहीत नोंदवून ठेवा, पुढच्या पेपरसाठी ती माहिती लागेल.